सिस्टर, एक विचारू?

गेल्या अंकात मी शेवटी दोन ओळी लिहिल्या होत्या: करोनाला पाच वर्षं उलटली, त्या दिवसांतलं काही मनात अडकून बसलं असेल तर कळवा. पिशवीभर पत्रं आली. बहुतेक बायकांची, थोडी पुरुषांची, पण तीही बायकांविषयीच. सगळी छापता येणार नाहीत. पाच निवडली आहेत.

नव्या वाचकांसाठी सांगते, मी ३४ वर्षं सरकारी आरोग्य खात्यात होते. आधी उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे गावची नर्स, मग सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात डोंगराकडच्या भागात आरोग्य सहाय्यिका. मे २०२१ मध्ये, दुसरी लाट चालू असतानाच निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी किल्ल्या आणि रजिस्टरं टेबलावर ठेवली आणि एसटी नव्हती म्हणून भाच्याच्या मोटरसायकलवरून घरी आले. तेव्हा उत्तर देताना मी डोळ्यांनी पाहिलेलं आधी सांगणार, बाकीचं मागून.

"माझी आई आशा सेविका आहे, गावात घरोघर फिरून आरोग्याचं काम करते. २०२० मध्ये मी बारावीला होते. ती सकाळी सातला निघायची, परत आली की अंगणातच अंघोळ करायची. आजी तिला स्वयंपाकघरात येऊ द्यायची नाही, पण घासायची भांडी तिच्यासाठी बाहेर काढून ठेवलेली असायची. आता तिचे गुडघे गेलेत, सर्व्हे काही संपत नाहीत. पैशांचा विषय काढला की वडील म्हणतात, ती नोकरी नाही, समाजसेवा आहे. सिस्टर, हे खरं का?"
— एक मुलगी, जिल्हा सांगली

बाळा, त्या बाहेर ठेवलेल्या भांड्यांपाशी मी बराच वेळ थांबले. हात विटाळलेले, पण भांडी घासायला चालतात.

माझ्या केंद्राखाली बावीस आशा होत्या. २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि पुढच्या काही आठवड्यांत मुंबईत माथाडी काम करणारी आमच्याकडची माणसं मिळेल त्या वाटेनं गावी येऊ लागली. टेम्पोत बसून, दुधाच्या गाडीतून, काही तर चालत. आलेल्यांची यादी करायची आशानं. चौदा दिवस शाळेत राहायला त्यांना राजी करायचं आशानं. रोज जाऊन ताप बघायचा, दारावर स्टिकर लावायचा, संध्याकाळी आकडा कळवायचा, सगळं तिनंच. गाव म्हणे, "मुंबईकराला वेशीच्या आत घेतलंसच कशाला?" आणि आलेला म्हणे, "माझं घर असताना मला शाळेत झोपवतेस होय गं?" दोन्हीकडच्या शिव्या एकीलाच. सुरुवातीला मास्क पुरले नाहीत, तेव्हा आमच्या आशांनी घरातले ब्लाउजपीस कापून आपल्या मशीनवर मास्क शिवले. त्या कापडाची आणि दोऱ्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही.

या सगळ्यासाठी केंद्र सरकारनं ठरवलेला जादा मोबदला होता महिन्याला १००० रुपये. दिवसाचे तेहतीस. जुलै २०२० पासून राज्यानं २००० रुपये मानधन वाढवलं. सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम आली, पुन्हा घरोघर फिरणं, ताप आणि ऑक्सिजन मोजणं. जून २०२१ मध्ये राज्यभरच्या आशा संपावर गेल्या, तेव्हा कुठे मानधनात आणखी १००० आणि कोविड भत्ता म्हणून ५०० मिळाले. संप केला नसता तर तेही मिळालं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे. मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते, म्हणून उघड बोलू शकले. सेवेत असताना बोलले नाही, याची खंत आहे.

आता वडिलांच्या बोलण्याकडे येऊ. ते मनाचं बोलत नाहीत, सरकारी कागदच तसं बोलतो. २००५ मध्ये योजना सुरू झाली तेव्हाच आशाला 'स्वयंसेविका' म्हटलं. त्या एका शब्दामुळे पगार नाही, 'मानधन' आहे, आणि कामागणिक 'मोबदला'. बाळंतीण दवाखान्यात नेली की इतके, बाळाचं लसीकरण पूर्ण झालं की इतके. टाळेबंदीच्या सुरुवातीला लसीकरणाची सत्रंच थांबली. म्हणजे पायपीट वाढली आणि कामागणिक मिळणारे पैसे आटले. किमान वेतन लागू नाही, भविष्य निर्वाह निधी नाही.

समाजसेवेचं म्हणशील तर १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी ती केली. मुंढव्याचं आजारी पोर पाठीवर घेऊन मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं, त्यातच प्लेग होऊन १० मार्च १८९७ ला गेल्या. त्यांना कुणी सकाळी फोन करून आज पन्नास घरं करा म्हणून सांगितलं नव्हतं. तुझ्या आईला वरिष्ठ आहेत, तिला अहवाल द्यावा लागतो, नाही गेली तर जाब विचारला जातो. हे काम आहे बाळा, आणि कामाचे पैसे मागण्यात कमीपणा नाही. वडिलांना आणखी दोन गोष्टी सांग. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेनं योजनांत काम करणाऱ्या अशा बायकांना कामगार मानावं, अशी शिफारस केली आहे. आणि एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. तो निकाल आशांचा नाही, पण 'मानधन म्हणजे सेवा' हे बोलणं त्यानं कमजोर झालं आहे.

आईला एक वही आणून दे. तारीख, किती घरं, किती तास, कुणाच्या सांगण्यावरून. मोबदल्याचा हिशेब अडला की ही वही दाखवता येते. असंघटित कामगारांसाठीच्या ई-श्रमवर नोंदणी झाली आहे का बघ, आणि २०२४ पासून आशांना आयुष्मान कार्ड मिळतं, त्यावर गुडघ्यांच्या उपचाराची चौकशी कर. भांडी आज रात्रीपासून घरातल्या दुसऱ्या कुणीतरी घासावीत. तू एकटीच नव्हे, वडिलांनाही सांग.

"मी आयटी कंपनीत आहे, बायको खासगी इंग्रजी शाळेत दुसरीला शिकवायची. टाळेबंदीत मी बेडरूममध्ये ऑफिस थाटलं, ती डायनिंग टेबलवरून ऑनलाइन वर्ग घ्यायची. मुलगा पहिलीत. शाळेनं तिचा पगार अर्धा केला. ऑगस्ट २०२० मध्ये आम्ही दोघांनी मिळून निर्णय घेतला की तिनं नोकरी सोडावी. मी घरात खूप मदत केली, भांडीसुद्धा घासली. आता मुलगा मोठा झाला, तिला नोकरी मिळत नाही, आणि तो विषय निघाला की ती उठून जाते. माझं काय चुकलं? आता तिनं काय करावं?"
— एक नवरा, पिंपरी

पत्र प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही तसंच देते. तुमच्या पत्रात मला एक दार दिसलं. बेडरूमचं. ते लावता येत होतं. डायनिंग टेबलला दार नसतं. तिथं एका मोबाइलवर दुसरीची तीस-पस्तीस पोरं, दुसऱ्या मोबाइलवर स्वतःचा पहिलीतला मुलगा, मागे कुकरची शिट्टी, आणि तुमची मीटिंग चालू म्हणून सगळ्यांना हळू बोला म्हणायचं कामही तिच्याच अंगावर. तुम्ही दुष्टपणानं तिथं बसवलंत असं मी म्हणत नाही. तुमचा पगार जास्त, म्हणून खोली तुम्हाला. मग खोली तुम्हाला म्हणून नोकरी तुमची टिकली. निर्णय ऑगस्टमध्ये झाला असं तुम्ही लिहिता, मला वाटतं तो मार्चमध्येच झाला होता, टेबल-खुर्च्या मांडल्या तेव्हा. आणि "दोघांनी मिळून" ठरवताना, तुम्ही नोकरी सोडावी ही गोष्ट एकदा तरी बोलण्यात आली होती का? नसेल, तर तिच्यापुढे निवडायला होतं काय?

हे तुमच्या एका घरात झालेलं नाही. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२१ च्या अहवालात मांडलं आहे की टाळेबंदीच्या आधी काम करणाऱ्या पुरुषांपैकी ६१ टक्के कामावर टिकून राहिले आणि ७ टक्के काम गेल्यावर परतले नाहीत. बायकांत टिकल्या फक्त १९ टक्के, आणि ४७ टक्के २०२० संपेपर्यंत परतल्याच नव्हत्या. या आकड्यांपाशी मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं होतं.

'मदत' या शब्दाबद्दलही बोलते. देशाच्या सांख्यिकी खात्यानं २०१९ मध्ये लोकांचा दिवस मिनिटांत मोजला. घरकाम करणाऱ्या बायका त्यात रोज २९९ मिनिटं घालवत होत्या. पुरुषांत घरकामाला हात लावणारेच शंभरात २६, आणि त्यांचीही मिनिटं ९७. मध्ये एवढी महासाथ गेली, पुरुष महिनोन् महिने घरी बसले, पोळ्या लाटतानाचे फोटोही पुष्कळ आले. २०२४ मध्ये पुन्हा मोजलं तर बायका २८९, पुरुष ८८. पुरुषांची मिनिटं वाढली नाहीत, उलट नऊनं उतरली. घासलेली भांडी तुमच्या लक्षात राहिली, याचं कारण तुम्ही ती कधीतरी घासलीत. तिला तिची आठवत नसतील.

म्हणून मदत थांबवा आणि एक काम पुरतं घ्या. सकाळचा डबा घ्या. भाजी ठरवणं, आदल्या दिवशी आणणं, निवडणं, कणीक संपत आली हे लक्षात ठेवणं, डबा भरणं आणि शेवटी ओटा पुसणं, सगळं. तिला "मीठ कुठंय" विचारायचं नाही. ती नोकरी शोधायला लागेल तेव्हा तिला सकाळ मोकळी लागणार आहे.

नोकरीचं म्हणाल, तर जुन्या शाळेकडून अनुभवाचा दाखला मागून घ्या, अर्धा पगार दिलेल्या महिन्यांचाही. पीएफ कापला जात असेल तर ती रक्कम मोडू नका. पेन्शनला एकूण दहा वर्षांची सेवा लागते आणि जुनी वर्षं पुढच्या नोकरीत जोडली जातात. मुलाखतीत मधल्या वर्षांबद्दल विचारतील. तिनं सरळ सांगावं, शाळा बंद होत्या, माझा मुलगा पहिलीत होता, त्याला वाचायला मी शिकवलं. शिक्षिकेनं लाजावं असं त्यात काय आहे?

आणि ती उठून जाते तेव्हा मागे जाऊन समजूत घालू नका. "ते आपण दोघांनी ठरवलं नव्हतं, तुला सोडावं लागलं," एवढं एक वाक्य म्हणा आणि थांबा.

"एप्रिल २०२१. आधी बाबा पॉझिटिव्ह, मग भाऊ. आई काढे, वाफ, डबे सगळं करत होती. तिला कणकण होती, पण 'थकवा आहे' म्हणायची. तिची टेस्ट सगळ्यांत शेवटी केली. दवाखान्यात नेलं तेव्हा ऑक्सिजन ७८ होता. तिसऱ्या दिवशी गेली. बाबा आणि भाऊ बरे झाले. सिस्टर, आम्ही मारलं का आईला?"
— बार्शीहून एक लेक

नाही. हे आधी वाच आणि मग पुढचं.

त्या लाटेत ऑक्सिजन उतरलेली माणसं चालत-बोलत होती. धाप लागल्याशिवाय आकडा ऐंशीच्या खाली गेलेली मी पाहिलीत. मशीन लावल्याशिवाय डॉक्टरलाही कळत नव्हतं, तुला कुठून कळणार?

त्याच महिन्यातलं एक घर सांगते. सासरे, दोन मुलगे, सून, सगळ्यांचं ऑक्सिमीटरवर बघून झालं. घरची बाई चुलीपुढे. म्हणाली, "माझं राहू द्या बाई, मला काय धाड भरलीय? एवढ्या भाकरी होऊ द्या." मी निघालेच होते, पुढची अकरा घरं बाकी होती. माझ्याबरोबरची आशा मात्र हटली नाही, तिनं त्या बाईचा पिठाचा हात धरून बाहेर आणला. हात धुतल्यामुळे गार पडला होता, गार बोटावर आकडा खोटा येतो. म्हणून पदरानं पुसून, चोळून, ऊब आणून पुन्हा लावला. ८४. तव्यावरची भाकरी तशीच राहिली. १०८ यायला दीड तास लागला. ती वाचली, कारण एका आशानं हट्ट केला. तुझ्या दारात त्या दिवशी तसं कुणी आलं नाही, यात तुझा काय गुन्हा?

नोंदलेल्या मृत्यूंत पुरुष जास्त होते, हे खरं आहे, आणि ते लपवायचं कारण नाही. पण आमच्या हातांनी केलेल्या तपासण्यांत बाईचा नंबर नेहमी शेवटी यायचा, हेही मी पाहिलं आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझात आपल्या देशात पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या, आणि कारणं शोधणाऱ्यांनी घरातल्या आजाऱ्यांची शुश्रूषा त्यांच्यावर होती हेही एक कारण धरलं. आजाऱ्याजवळ बसणारी आपल्या घरांत बाईच असते. तिचं अंग कोण बघतं?

तुझ्या आईनं ताप लपवला, कारण तिनं अंथरूण धरलं असतं तर काढा करणारं कुणी नव्हतं. हे घराघरांतलं आहे, ते तुझ्या एकटीच्या डोक्यावर घेऊ नकोस. झोप लागत नसेल, तोच दिवस पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत असेल, तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा, किंवा १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर बोल. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि मला पुन्हा लिही. आई काय काय करायची, कशी हसायची, ते लिही. छापणार नाही, पण वाचीन.

"माझा तिसरा मुलगा जानेवारी २०२१ चा. सगळे त्याला 'लॉकडाऊन' म्हणून हाक मारतात आणि हसतात. मी ऑपरेशनसाठी नाव दिलं होतं. माझ्याच बेफिकिरीनं झालं असं सासू अजून ऐकवते."
— जालना जिल्ह्यातून

ताई, तुम्ही नाव दिलं होतं, ते मला पुरेसं आहे. टाळेबंदी लागली तेव्हा कुटुंब नियोजनाची शिबिरं आणि शस्त्रक्रिया थांबल्या. माझ्या स्वतःच्या रजिस्टरात त्या तिमाहीत शस्त्रक्रियेच्या रकान्यात शून्यं आहेत, ती मी माझ्या हातानं लिहिली. 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यावं लागतं, त्यासाठी केंद्रावर यायला वाहन नव्हतं. माला-एनच्या गोळ्या आशाच्या पिशवीतून पोचायच्या, पण आशा मुंबईकरांच्या याद्या करत होती. बेफिकिरी तुमची नव्हती. बायकांची गरज कुणाला तातडीची वाटली नाही. सॅनिटरी पॅडचंच बघा, ते जीवनावश्यक आहेत हे स्पष्ट करायला टाळेबंदी लागल्यावर चार-पाच दिवस गेले.

सासूबाईंना एक विचारा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत नसबंदी झालेल्या बायका ३७.९ टक्के निघाल्या, आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया बिनटाक्याची, थोड्या मिनिटांची, त्याच दिवशी घरी. तुमच्या नवऱ्याचं नाव कुणी लिहून घेतलं होतं का? अजून वेळ गेलेली नाही.

मुलाला मात्र त्याच्या नावानंच हाक मारा, आणि मारायला लावा. आता तो शाळेत जाईल.

"आमच्याकडे धुणं-भांडी करणाऱ्या मावशींना टाळेबंदीत सोसायटीनं पाच महिने आत घेतलं नाही. मी पहिल्या महिन्याचा पगार दिला, पुढचा दिला नाही. नंतर त्या परत आल्या, काही बोलल्या नाहीत. मला अजून टोचतं."
— ठाणे

टोचतंय तर द्या. त्यांनी काम सोडलं नव्हतं, गेट बंद होतं. चार महिन्यांचा हिशेब करा, पाकिटात घाला आणि कशाचे आहेत ते नीट सांगून द्या, दिवाळीच्या बोनसमध्ये मिसळू नका.

दुसरं, मावशींची घरेलू कामगार म्हणून नोंदणी आहे का विचारा. महाराष्ट्रात यासाठी २००८ चा कायदा आहे, मंडळ आहे. एप्रिल २०२१ मध्ये सरकारनं घरेलू कामगारांना १५०० रुपये जाहीर केले, ते फक्त नोंदणी असलेल्यांना. पुष्कळ जणींचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं, त्या तशाच राहिल्या. नोंदणीचं वय १८ ते ६०, तेव्हा मावशी साठीकडे आल्या असतील तर लांबणीवर टाकू नका. आधार, फोटो, बँकेचं पासबुक घेऊन कामगार आयुक्त कार्यालयात जायचं असतं. त्या तुमच्याकडे कामाला आहेत असं पत्र तुम्ही लिहून द्या, सही आणि पत्त्यासकट. जमलं तर बरोबर जा, खिडकीवर एकटीला दोनदा परत पाठवतात. आणि त्या दिवसाचा खाडा धरू नका.